पावणेनऊ लाखांत एक

शुक्रवारी संध्याकाळी, लॅपटॉप बंद करून 'उद्या दहाच्या आत उठायचं नाही' असं मनाशी पक्कं ठरवल्यानंतर बरोब्बर दहा मिनिटांनी, मामाचा फोन आला. आता मामा स्वतःहून फोन करत नाही. फोन मामी करते, शेवटी "थांब, मामाला देते" म्हणते, आणि मामा "हं, बरा आहेस ना? चल" एवढं बोलून ठेवून देतो. त्यामुळे स्क्रीनवर मामाचं नाव बघून आधी पोटात गोळाच आला.

"काय रे, हे डी-फिफ्टी, डी-नाइन्टी तुमच्या कम्प्युटरमधलं असतं का?"

"संदर्भ काय आहे?"

"दोन टन माल परत पाठवतायत."

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मामाचा अंबरनाथच्या एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड, एक मोठा पल्व्हरायझर, दोन कामगार, लॅबमधला एक पोरगा आणि मामा. बाहेरून रेड ऑक्साइड आणायचं, बारीक दळायचं, शेड जुळवायची, पंचवीस-पंचवीस किलोच्या पिशव्या भरून रंगवाल्यांना द्यायच्या. खिडकीच्या ग्रिलला मारतात तो विटकरी लाल प्रायमर आठवतोय? त्यातली लाल पूड. गंजाची सख्खी बहीण म्हणा. सत्तावीस वर्षं हा माणूस गंज विकून घर चालवतोय, असं आमचे बाबा म्हणतात (मामाच्या माघारी).

तर त्याच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने (नाव घेत नाही, अजून धंदा चालू आहे) ऐंशी पिशव्या नापास केल्या होत्या. पूर्वी ते हीच पूड प्रायमरसाठी घ्यायचे, आता चकचकीत एनॅमलसाठी घेतायत. त्यांनी कणांचा आकार मोजणारं लेझरचं नवीन मशीन घेतलं आणि नवीन स्पेसिफिकेशन काढलं: डी-५० दीड मायक्रॉनच्या आत, डी-९० पाच मायक्रॉनच्या आत. मामाच्या मालाचा त्यांच्या मशीनवरचा रिपोर्ट: डी-५० अकरा, डी-९० एक्केचाळीस.

"मामा, हे परसेंटाइल आहेत," मी म्हटलं. "डी-५० अकरा म्हणजे निम्मा माल अकरा मायक्रॉनपेक्षा बारीक. आमच्याकडे सर्व्हरच्या रिस्पॉन्स टाइमला आम्ही हेच लावतो, फक्त नाव पी-५०, पी-९०."

"म्हणजे तुला कळतं. ये मग उद्या."

झालं. दहाच्या आत उठायचं नाही म्हणणारा मी सकाळी सहाच्या सिंहगडमध्ये होतो. कल्याणला उतरून उलटी लोकल पकडली आणि अंबरनाथ गाठलं.

*

कारखान्यात आत गेलं की पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही लाल होता. चपला, नखं, रुमाल, सगळं. मामीने मामाच्या कपड्यांसाठी घरात वेगळी बादली ठेवली आहे, आणि ती बादलीही आता लाल आहे.

मामाने सगळी कुंडली माझ्यापुढे मांडली. त्याच्याकडे दोन परीक्षा आहेत. पहिली चाळणीची. ३२५ मेशची चाळणी, म्हणजे इंचात ३२५ भोकं, एकेक भोक ४५ मायक्रॉनचं. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. १०० ग्रॅम पूड पाण्याबरोबर चाळणीतून धुवायची आणि वर राहिलेला गाळ सुकवून वजन करायचा. या बॅचचा गाळ ०.०५ टक्के. उत्तम.

दुसरी परीक्षा हेगमन गेजची. ही मला फार आवडली. एक जाड पोलादी पट्टी, तिच्यात एक उतरती खाच. एका टोकाला खाच १०० मायक्रॉन खोल, दुसऱ्या टोकाला शून्य. पूड जवसाच्या तेलात घोटून तो रंग खोल टोकाला ठेवायचा आणि सपाट पातीने सर्रकन उथळ टोकाकडे ओढायचा. खाच जिथे कणापेक्षा उथळ होते तिथे कण डोकं वर काढतात. कडेला आकडे असतात, शून्य ते आठ. आठ म्हणजे अतिबारीक. एक आकडा म्हणजे साडेबारा मायक्रॉन. मामाच्या सर्टिफिकेटवर नेहमी 'सात' असतं, म्हणजे साडेबारा मायक्रॉनच्या वर काही नाही.

"आता हे बघ," म्हणत मामाने माझ्यासमोर एक ओढ काढली. पट्टी डोळ्यांसमोर तिरकी धरली, उजेडाकडे वळला. हे वाचन दहा सेकंदांत उरकायचं असतं, नंतर थर सुकायला लागतो आणि ठिपके खोटे दिसायला लागतात.

"सात," मामा म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. मला पाचच्या आसपास ठिपके दिसले. दाट नव्हते, पण होते. आठ-दहा असतील.

आता नियम असा आहे की एकटेदुकटे ठिपके मोजायचे नाहीत, जिथे त्यांची गर्दी सुरू होते तो आकडा घ्यायचा. त्यामुळे मी स्वतःला सांगितलं की हे एकटेदुकटेच असणार. सत्तावीस वर्षं ही पट्टी वाचणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच ती बघणाऱ्या भाच्याने काय शिकवायचं? लॅबमधल्या पोराकडे नजर गेली. तो पुसायचं फडकं घडी करण्यात फारच गुंग झाला होता.

मी काही बोललो नाही. हे आधीच कबूल करून टाकतो.

*

जेवल्यावर गिऱ्हाईकाचा रिपोर्ट नीट वाचला. आपण आलेख बघतो, तळटीप वाचत नाही. इथे गंमत तळटीपेतच होती. पूड कशात मिसळली: पाणी. डिस्पर्संट: नाही. अल्ट्रासाउंड: शून्य सेकंद.

इथे या मशीनबद्दल दोन शब्द. ते कणांचा फोटो काढत नाही. पातळ घोळातून लेझरचा किरण जातो आणि कणांवर आदळून विखुरतो. मोठा कण प्रकाश थोड्याच कोनात वळवतो, लहान कण मोठ्या कोनात पसरवतो. डिटेक्टर कुठल्या कोनात किती उजेड पडला ते मोजतात, आणि त्यावरून उलटं गणित करून 'असे असे कण असावेत' हे सॉफ्टवेअर ठरवतं. हे गणित गुस्ताव मी नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९०८ साली मांडलेलं. म्हणजे मशीनचं उत्तर हा खरं तर एक अंदाज असतो. कण गोल आहे, त्याचा अपवर्तनांक अमुक आहे, असं गृहीत धरून केलेला. आणि सगळ्यात मोठं गृहीतक म्हणजे कण सुटे आहेत. एकमेकांना चिकटलेले शंभर कण समोर आले तर बिचारं मशीन त्याला एकच मोठा कण म्हणणार. कोरड्या रवाळ पुडीत असे पुंजके असतातच. पिठाच्या गुठळ्या मोजून 'गहू जाड दळलाय' म्हणण्यासारखं आहे हे.

मी एकदम खूश. "मामा, त्यांची चूक आहे! त्यांनी गुठळ्या मोजल्यात."

"सिद्ध कर," मामा म्हणाला.

लेझर मशीन काही मामाकडे नाही. पण १८५१ साली जॉर्ज गेब्रियल स्टोक्स नावाच्या गृहस्थाने एक सूत्र देऊन ठेवलंय, त्याला ग्लासभर पाणी पुरतं. कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. व्यास तिप्पट, वेग नऊपट. हेमटाइटची घनता पाण्याच्या साधारण सव्वापाच पट. मोबाइलवरच आकडेमोड केली. एक मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला जवळपास बारा तास घेईल. तीस मायक्रॉनचा कण तेच अंतर पन्नास सेकंदांत कापेल.

बारा तास विरुद्ध पन्नास सेकंद! यापेक्षा स्वस्त मशीन कुठे मिळणार? कारखान्याच्या लॅबमधून सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटची बरणी (हे कणांना एकमेकांपासून दूर ठेवतं) आणि बॅचची पूड घेऊन आम्ही घरी आलो, आणि मामीचे सरबताचे उंच काचेचे ग्लास शोकेसमधून बाहेर काढले. मामी तेव्हा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या ग्लासात नुसतं पाणी आणि पूड. दुसऱ्यात तेच, पण हेक्झामेटाफॉस्फेट घालून आणि मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवून. (मिक्सरबद्दल मामीला अजून माहीत नाही. तिने हे वाचलं तर मला वाली कोणी नाही.)

अर्ध्या तासात पहिल्या ग्लासातलं वरचं पाणी बरंच निवळलं, खाली लाल चोथा बसला. दुसरा ग्लास मात्र वरपासून खालपर्यंत लालेलाल. म्हणजे पूड बारीकच होती, नुसत्या पाण्यात गुठळ्या होऊन भराभर खाली बसत होती. मला आर्किमिडीजसारखं रस्त्यावर धावत सुटावंसं वाटलं (कपडे घालून).

मामा दुसऱ्या ग्लासाकडे बघत होता. मग त्याने ग्लास उचलला, वरचं लाल पाणी हळूच बेसिनमध्ये ओतलं, ग्लास पुन्हा भरला, ढवळला, मनगटावरचं घड्याळ बघत एक मिनिट थांबला आणि पुन्हा वरचं ओतलं. सहा-सात वेळा. काय चाललंय ते मला तिसऱ्या वेळी कळलं. जे बारा तास तरंगतं ते सगळं तो ओतून टाकत होता. जे एका मिनिटात तळाला जातं तेवढंच ठेवत होता.

शेवटी तळाशी चिमूटभर गडद लाल गाळ उरला. मामाने तो बोटावर घेतला, अंगठ्याच्या नखाखाली घासला. मग डोळे मिटून पुन्हा घासला.

"कचकचतंय," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात फक्त नळाचं टपटप चालू होतं.

"तुला सकाळी दिसले होते ना? गेजवर?"

"हो."

"किती वर?"

"पाचच्या आसपास."

"हं." त्याने हात धुतला. "पोरालाही दिसत असणार मग."

*

मंगळवारी ठाण्याच्या एका खाजगी टेस्टिंग लॅबमधून रिपोर्ट आला. डिस्पर्संट घालून, अल्ट्रासाउंड देऊन, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून केलेला. डी-५०: ०.९ मायक्रॉन. डी-९०: ३.२ मायक्रॉन.

पास. स्पेसिफिकेशनमध्ये दणदणीत पास. गिऱ्हाईकाने डी-५० आणि डी-९० एवढेच दोन आकडे मागितले होते आणि दोन्ही आत बसत होते. डेबिट नोट फाडून टाकता आली असती.

पण आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात, मोठ्या टेकडीपासून लांब, एक छोटा उंचवटा होता. तीस मायक्रॉनच्या आसपास, सगळ्या मालाच्या साधारण तीन टक्के. डी-९९ होता तेहेतीस.

तीन टक्के हा आकडा फसवा आहे, कारण तो आकारमानाचा आहे. तीस मायक्रॉनच्या एका गोळ्यात एक मायक्रॉनचे सत्तावीस हजार गोळे मावतात. म्हणजे कण मोजायला बसलात तर पावणेनऊ लाखांत एखादा जाड कण सापडेल. पावणेनऊ लाखांत एक! तुम्ही म्हणाल, सोडून द्या ना. पण एनॅमलच्या एका कोटचा सुकलेला थर तीस-चाळीस मायक्रॉनचा असतो. त्यात तीस मायक्रॉनचा खडा म्हणजे साखरभातात लवंग. चकचकीत पृष्ठभागावर बोट फिरवलं की लागणारच. प्रायमरमध्ये हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

आणि हा खडा दोन्ही परीक्षांमधून सुटला कसा, तेही आता स्पष्ट होतं. चाळणीचं भोक ४५ चं, तीसचा कण आरामात पलीकडे जाणार. चाळणी तिच्या जागी बरोबर होती. त्याला पकडायला फक्त हेगमन होता, आणि हेगमन वाचायला मामाचे डोळे.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. सर्व्हिसचा सरासरी रिस्पॉन्स झक्कास, डॅशबोर्ड हिरवागार, आणि शंभरातल्या एका माणसाचं पेमेंट अडकून पडलेलं. त्या एकाला तुमच्या सरासरीशी काय देणंघेणं? आम्ही मीटिंगमध्ये 'पी-९५ मध्ये आहोत ना, मग एसएलए सांभाळला' म्हणतो आणि चहाला जातो. मीही म्हटलंय. म्हणूनच बहुधा फोनवर मी मामाला म्हणालो, "तू नियमाने बरोबर आहेस. रिपोर्ट पाठव आणि विषय संपव."

मामाने दोन गोष्टी केल्या. गिऱ्हाईकाच्या क्वालिटीवाल्याला फोन करून सांगितलं की तुमची पद्धत चुकते आहे, असं असं करून बघा. त्यांनी केलं, आकडे जुळले. आणि त्याच फोनवर सांगितलं की तरीही माल परत पाठवा, भाडं माझं, माझ्याकडे तीन टक्के जाड निघालंय.

पल्व्हरायझर उघडल्यावर कारण सापडलं. आत क्लासिफायरचं एक चाक फिरत असतं. बारीक कण हवेबरोबर त्याच्या पात्यांमधून पार होतात, जाड कण परत दळायला फेकले जातात. त्या चाकाचं सील झिजलं होतं, आणि थोडे जाड कण पात्यांना वळसा घालून कडेने निसटत होते. कधीपासून, ते सांगता येत नाही. सील बदललं, ऐंशी पिशव्या पुन्हा दळल्या, पुन्हा पाठवल्या. पुढची ऑर्डर आली, पण दोनऐवजी एका टनाची.

*

या प्रकरणात मी कणांच्या आकाराबद्दल इतकं वाचलं की ऑफिसात लोक मला टाळायला लागलेत. पण एक सांगतोच. लाल रंगाचा लालपणाही आकारावर असतो. हेच रेड ऑक्साइड एक दशांश मायक्रॉनच्या आसपास दळलं, तर पिवळसर झाक येते. कण मायक्रॉनच्या जवळ गेले की तोच रंग जांभळट होतो. पदार्थ एकच, फक्त आकार वेगळा. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड मुद्दाम ०.२ ते ०.३ मायक्रॉनचं ठेवतात, कारण दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपासचा कण प्रकाश सगळ्यात जोरात विखुरतो. जपानी चित्रकार एकाच निळ्या दगडाची पूड दाण्याच्या आकाराप्रमाणे नंबर लावून विकत घेतात. जाड दाणा गडद निळा, बारीक दाणा फिकट. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणून तर ही बॅच मला जरा मळकट वाटत होती. मला वाटलं, ट्यूबलाइट गेलीय."

ट्यूबलाइट गेली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, उजव्यात जास्त. "कधीपासून अंधुक दिसतंय?" या प्रश्नाला मामाने "तसं काही नाही" असं उत्तर दिलं आणि मामीने "दीड वर्ष" असं दिलं. उजव्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे.

तोवर हेगमन लॅबमधला पोरगा वाचतो. मामा शेजारी उभा राहतो, पोरगा आकडा सांगतो, मामा वहीत लिहितो. पहिल्या दिवशी पोरगा म्हणाला "सात." मामाने विचारलं, "मला बरं वाटावं म्हणून सात, की सात?" पोराने पट्टी पुसून पुन्हा ओढ काढली आणि म्हणाला, "साडेसहा."

सर्टिफिकेटवर साडेसहा गेलं. हे मला मामाने स्वतः फोन करून सांगितलं. महिन्याभरात दुसऱ्यांदा!

सरबताच्या ग्लासांपैकी दोन आता शोकेसमध्ये जात नाहीत. लिंबू, सोडा, चिंच, सगळं करून झालं, तळाच्या नक्षीत लाल बसलंय ते बसलंय. एक मामीने मनी प्लँटला दिला. दुसरा तिने माझ्या बॅगेत कोंबला, "तुझा तू घेऊन जा" म्हणून. तो ऑफिसच्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला.

आणि हो, सोमवारी ऑफिसला गेल्यावर आमच्या सर्व्हिसचा पी-९९ उघडून बघितला. जे दिसलं ते काही फार चांगलं नव्हतं. तिकीट टाकलंय. टीम लीडने त्यावर 'लो प्रायॉरिटी' असं लेबल लावलंय, पण बंद केलेलं नाही. पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय मीच काढणार आहे.

असो. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुन्हा अंबरनाथला जायचंय, त्यामुळे तो शनिवार-रविवार इथे काही लिहिणं होणार नाही.